तारेचे टोक कोणाचे : घरगुती मॉडेमची तीन दशके

घरगुती संगणकाला टेलिफोनच्या तारेशी जोडणाऱ्या मॉडेमचा इतिहास बहुधा वेगाच्या आकड्यांत सांगितला जातो : आधी सेकंदाला ३०० बिट, मग १२००, मग २४००, आणि असे करत ५६ हजारांपर्यंत. हे आकडे खरे असले तरी त्यांच्या चढत्या भाजणीमुळे असा समज होतो की अभियंते यंत्र सुधारत गेले आणि ते आपोआप घरोघरी पोचले. वास्तविक ३०० बिटांचे मॉडेम अमेरिकेत १९६२ सालीच तयार होते, आणि सामान्य माणसाच्या घरात शिरायला त्याला त्यानंतर सुमारे पंधरा वर्षे लागली. त्यातील बराच काळ संगणकच घरात मावण्याइतका लहान व खिशाला परवडण्याइतका स्वस्त होण्यात गेला, हे मान्य केले पाहिजे. परंतु संगणक स्वस्त झाला असता तरीही एक अडथळा उरलाच असता, आणि तो तंत्राचा नव्हता. घराच्या भिंतीपर्यंत आलेल्या टेलिफोनच्या तारेला काय जोडावे हे ठरवण्याचा अधिकार कंपनीचा की घरमालकाचा, हा तो वाद होता.

टेलिफोनचे जाळे माणसाच्या बोलण्यासाठी बांधलेले होते. बोलणे समजण्यासाठी साधारणपणे ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्याच कंपनसंख्येचे ध्वनी पुरेसे होतात, म्हणून तेवढेच ध्वनी ते जाळे पलीकडे पोचवत असे आणि बाकीचे गाळून टाकत असे. संगणकातील विजेच्या चालू-बंद ठोक्यांना या वाटेने जाता येत नाही, त्यामुळे प्रत्येक बिटाचे, म्हणजे शून्याचे किंवा एकाचे, आधी ध्वनीत रूपांतर करावे लागते आणि दुसऱ्या टोकाला त्या ध्वनीचे पुन्हा बिटांत. ही दोन्ही कामे करणारे उपकरण म्हणजे मॉडेम. अमेरिकन टेलिफोन अँड टेलिग्राफ कंपनीच्या, म्हणजेच बेल कंपनीच्या, १०३ क्रमांकाच्या मॉडेमने यासाठी चार सूर ठरवले. जो फोन लावतो त्याचे मॉडेम शून्यासाठी १०७० हर्ट्झचा व एकासाठी १२७० हर्ट्झचा सूर काढी, तर जो फोन घेतो त्याचे २०२५ व २२२५ हर्ट्झचे सूर वापरी. दोन्ही बाजूंचे सूर वेगळे असल्यामुळे दोघांनाही एकाच वेळी एकाच तारेवर बोलता येत असे. एका अक्षरासाठी आरंभीचा व शेवटचा खुणेचा बिट धरून दहा बिट लागत, म्हणून सेकंदाला ३०० बिट म्हणजे सेकंदाला तीस अक्षरे. ऐंशी अक्षरांच्या चोवीस ओळींचा पडदा पूर्ण भरायला या वेगाने एक मिनिटाहून थोडा अधिक वेळ लागे; सवयीचा वाचक त्याहून वेगाने वाचतो, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या संथपणाची कल्पना येते.

या यंत्रात गुंतागुंत फारशी नव्हती, आणि इलेक्ट्रॉनिक्स जाणणाऱ्या हौशी माणसाला ते घरी बनवणे अशक्य नव्हते. अडचण पुढे होती. अमेरिकेत बहुसंख्य घरांतील टेलिफोन बेल समूहाच्या मालकीचा असे व ग्राहक त्याचे दरमहा भाडे भरत असे. कंपनीच्या दरपत्रकातच अशी अट होती की कंपनीने न पुरवलेले कोणतेही उपकरण तिच्या यंत्रणेला जोडता कामा नये. जाळ्याला अपाय होऊ नये, असे त्याचे कारण दिले जाई. हे कारण सर्वस्वी खोटे नव्हते, कारण सदोष उपकरणाने तारेवर जास्त दाब सोडला तर दुरुस्तीला खांबावर चढलेल्या माणसाच्या जिवालाही धोका होता. पण त्याच कारणाच्या आडून कंपनीने स्वतःच्या कारखान्याला हक्काची बाजारपेठ राखून ठेवली होती, हेही तितकेच खरे. हा हट्ट कुठवर जाई याचे उदाहरण म्हणून हश-अ-फोन या वस्तूचा खटला सांगतात. ही वस्तू म्हणजे फोनच्या तोंडाशी अडकवायचा एक साधा पेला, बोलणे शेजारच्याला ऐकू जाऊ नये म्हणून केलेला. त्यात विजेचा संबंधच नव्हता. तरीही संघराज्य दळणवळण आयोगाने १९५५ मध्ये कंपनीच्या बाजूने निकाल दिला. पुढच्या वर्षी अपील न्यायालयाने तो फिरवला. तोंडाशी हाताचा द्रोण करून बोलल्याने जे साधते तेच पेल्याने साधत असेल, आणि त्यातून इतरांचे नुकसान होत नसेल, तर ग्राहकाला मनाई करण्याचे कारण न्यायालयाला दिसले नाही.

विजेने जोडायचे नाही, पण आवाज ऐकवायला तर हरकत नाही : या फटीतून ध्वनिजोडक जन्माला आला. रबरी कडांच्या दोन वाट्यांत टेलिफोनचा हँडसेट दाबून बसवायचा, एका वाटीतील लहान स्पीकरने मॉडेमचे सूर फोनच्या तोंडाशी ऐकवायचे आणि दुसऱ्या वाटीतील मायक्रोफोनने फोनच्या कानातून येणारे सूर टिपायचे, अशी त्याची रचना होती. तारेला हातही न लागल्याने नियमाचे उल्लंघन होत नसे. हा जोडक घरात आणण्याचे श्रेय संगणकवाल्यांचे नव्हे, तर कर्णबधिरांचे आहे, आणि या इतिहासात त्याची नोंद अनेकदा राहून जाते. कॅलिफोर्नियातील भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वाइटब्रेख्ट हे जन्मतः कर्णबधिर होते. तारकचेऱ्यांनी मोडीत काढलेली टेलिप्रिंटर यंत्रे टेलिफोनवरून एकमेकांशी बोलावीत यासाठी त्यांनी १९६४ च्या सुमारास असे उपकरण सिद्ध केले आणि जेम्स मार्स्टर्स व अँड्र्यू सॅक्स या तितक्याच कर्णबधिर सहकाऱ्यांच्या साह्याने त्याचा प्रसार केला. स्वतःच्या घरी, स्वतःच्या फोनवर, मॉडेम लावून लेखी संभाषण करणारी पहिली सामान्य माणसे तीच होत. ज्या यंत्राने ऐकू न येणाऱ्यांना टेलिफोन खुला केला ते आवाजावर चालत होते, आणि आवाजावर चालण्याचे एक कारण दरपत्रकातील अट हे होते.

अटीला निर्णायक धक्का मात्र टेक्सासमधून बसला. तेथील टॉमस कार्टर यांनी तेलविहिरी व मोठी गुरांची कुरणे सांभाळणाऱ्यांसाठी कार्टरफोन नावाचे उपकरण बनवले होते. टेलिफोनचा हँडसेट त्यावर ठेवला की दूरच्या शिवारात रेडिओसंच घेऊन फिरणाऱ्या माणसाला थेट टेलिफोनवरील व्यक्तीशी बोलता येई. १९५९ ते १९६६ या काळात असे सुमारे ३,५०० संच विकले गेले. कंपनीने ग्राहकांना फोन तोडण्याचे इशारे दिले, कार्टर मक्तेदारीविरोधी कायद्याखाली न्यायालयात गेले आणि न्यायालयाने प्रश्न आयोगाकडे सोपवला. २६ जून १९६८ रोजी आयोगाने निर्णय दिला. त्याने केवळ कार्टर यांना मुभा दिली नाही, तर परक्या उपकरणांवर सरसकट बंदी घालणारी अटच बेकायदा ठरवली. निर्णयाचे महत्त्व पुढील पिढ्यांनी ओळखले. खुद्द कार्टर यांना त्यातून फारसे काही मिळाले नाही.

बेल कंपनीने निर्णय पाळला, पण आपल्या पद्धतीने. परके उपकरण जोडायला हरकत नाही, मात्र ते आणि आमची तार यांच्यामध्ये आमचाच संरक्षक जोडणीसंच असला पाहिजे, आणि त्याचे दरमहा भाडे भरले पाहिजे, असा नवा नियम १९६९ पासून आला. बड्या कंपन्यांना हे भाडे पेलणारे होते, घरगुती हौशी माणसाला ते जाचक होते. त्यामुळे तो अजूनही रबरी वाट्यांच्या जोडकावरच अवलंबून राहिला. अखेर आयोगाने १९७५ मध्ये नोंदणीची पद्धत आणली. उपकरणाने कोणत्या विद्युत मर्यादा पाळाव्यात याचे नियम भाग ६८ या नावाने प्रसिद्ध झाले, आणि त्या कसोटीला उतरून नोंदवले गेलेले कोणतेही उपकरण ग्राहकाने कोणाची परवानगी न घेता ठरावीक नमुन्याच्या खुंटीने भिंतीत खुपसावे, अशी व्यवस्था ठरली. कंपन्या व राज्यांच्या नियामकांनी त्यालाही न्यायालयात आव्हान दिले. ते वाद १९७७ मध्ये मिटले. त्याच वर्षी ॲपल टू, कमोडोर पेट आणि टीआरएस-८० हे तीन तयार घरगुती संगणक बाजारात आले. हा योगायोगच होता, पण मॉडेमच्या बाजारपेठेला तो फार मानवला.

अटलांटा येथील डेनिस हेझ आणि डेल हेदरिंग्टन यांनी १९७७ मध्येच घरगुती संगणकात बसणारे मॉडेमचे कार्ड विकायला सुरुवात केली होती. ॲपल टू साठी १९७९ मध्ये त्यांनी काढलेल्या मायक्रोमॉडेममध्ये नव्या नियमांची छाप स्पष्ट दिसते : सूर निर्माण करणारे कार्ड संगणकाच्या आत बसे आणि टेलिफोनच्या तारेला प्रत्यक्ष लागणारा भाग तेवढा आयोगाकडे नोंदवलेल्या एका वेगळ्या छोट्या डब्यात, मायक्रोकपलरमध्ये, असे. रबरी वाट्यांतून आवाज ऐकवण्याची गरज संपली, खोलीतील खोकल्याने वा दार आपटल्याने अक्षरे बिघडण्याचे थांबले, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे संगणकाला आता स्वतः फोन लावता व उचलता येऊ लागला. जोडक असताना नंबर माणसाने फिरवायचा, पलीकडचा सूर कानाने ऐकायचा आणि मग घाईने हँडसेट वाट्यांत दाबायचा, असा क्रम होता. म्हणजे कोणीतरी यंत्रापाशी बसलेले असणे अनिवार्य होते.

कोणी न बसता फोन घेणारे यंत्र काय करू शकते, हे शिकागोतील दोन हौशी तरुणांनी दाखवले. वॉर्ड क्रिस्टेन्सेन आणि रँडी सूस हे तेथील संगणकप्रेमींच्या मंडळाचे सभासद होते. जानेवारी १९७८ मधील प्रचंड हिमवादळाने शहर ठप्प झाले असताना त्यांनी एका कामाला हात घातला, सूस यांनी यंत्र जोडले, क्रिस्टेन्सेन यांनी आज्ञावली लिहिली, आणि १६ फेब्रुवारीला ते सुरू झाल्याचे त्यांनी नोंदवले आहे. कोणीही फोन लावावा, मंडळाच्या सूचनाफलकावर चिठ्ठी टाचावी तशी आपली नोंद संगणकात ठेवावी, आधीच्यांच्या नोंदी वाचाव्यात आणि फोन ठेवावा, एवढेच त्याचे स्वरूप होते. एकच तार असल्यामुळे एका वेळी एकालाच आत येता येई. यंत्र क्रिस्टेन्सेन यांच्याकडे न ठेवता सूस यांच्या घरी ठेवले गेले, कारण शिकागो शहरातील त्या घराला अधिक लोकांना स्थानिक दरात फोन करता येत होता. क्रिस्टेन्सेन यांनी १९७७ मध्ये फायली पाठवण्याची एक पद्धतही आखून मोफत वाटली होती : फायलीचे १२८ बाइटांचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्याबरोबर त्याची बेरीज पाठवायची, बेरीज जुळली नाही तर तोच तुकडा पुन्हा मागायचा. खरखरत्या तारेवरून आज्ञावली बिनचूक मिळण्याची खात्री यामुळे आली, आणि एक्समॉडेम या नावाने ती पद्धत पुढे अनेक वर्षे चालली.

स्थानिक दराचा मुद्दा येथे थोडा विस्ताराने पाहिला पाहिजे. अमेरिकेत बहुतेक घरगुती ग्राहक महिन्याला ठरावीक रक्कम भरत आणि त्यात स्थानिक बोलणे कितीही वेळ करता येई. ही पद्धत माणसांच्या गप्पांसाठी होती; तासन् तास उघडी राहणारी तार कोणाच्या हिशेबात नव्हती. ३०० बिटांच्या वेगाने १०० किलोबाइटांची फाइल उतरवायला जवळपास एक तास लागतो, आणि मिनिटागणिक पैसे पडत असते तर असा छंद कोणी केला नसता. पश्चिम युरोपात स्थानिक बोलणेही मोजले जात असल्याने तेथे हीच संस्कृती मंद गतीने वाढली. शहराबाहेर पाय टाकला की मात्र अमेरिकेतही मीटर सुरू होई. १९८४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचे टॉम जेनिंग्ज आणि बाल्टिमोरचे जॉन मॅडिल यांनी फिडोनेट उभारले ते याच अडचणीवर तोड म्हणून : दिवसभर लोकांनी आपापल्या गावच्या यंत्रावर पत्रे ठेवायची आणि रात्री लांबच्या फोनचा दर उतरला की यंत्रांनी एकमेकांना फोन करून ती पोचवायची. कॉम्प्युसर्व्ह या कंपनीची घरगुती सेवा १९७९ पासून संध्याकाळीच चालू लागली, तीही कचेऱ्या सुटल्यावर मोठे संगणक रिकामे राहत म्हणून. पहिल्या दशकातील घरगुती मॉडेम मुख्यतः रात्रीचे यंत्र होते.

या यंत्राला सर्वमान्य वळण देणारे उपकरण म्हणजे हेझ कंपनीचे १९८१ चे स्मार्टमॉडेम. बाजारात इतक्या तऱ्हांचे संगणक आले होते की प्रत्येकासाठी वेगळे कार्ड काढणे परवडणारे नव्हते. त्यांच्यात समान होते ते फक्त अक्षरे एकामागून एक पाठवणारे अनुक्रमी द्वार. पण त्या द्वारातून जाणारी प्रत्येक गोष्ट मॉडेम पलीकडे पाठवून देणार. मग त्यालाच आज्ञा कशी द्यायची? हेझ व हेदरिंग्टन यांनी मॉडेमला दोन अवस्था दिल्या. पहिलीत ते येणारी अक्षरे स्वतःसाठी आहेत असे समजे, आणि ‘एटी’ या दोन अक्षरांनी सुरू होणारी ओळ आली की ती आज्ञा म्हणून पाळी; ‘एटीडीटी’ आणि पुढे नंबर लिहिला की फोन लागे, ‘एटीएच’ने तुटे. जोडणी झाली की दुसरी अवस्था, जीत सगळी अक्षरे पलीकडे जात. तिच्यातून परत यायचे तर एक सेकंद शांत राहायचे, ‘+++’ ही खूण पाठवायची आणि पुन्हा एक सेकंद शांत राहायचे. त्या दोन विरामांतच सगळी हुशारी होती, कारण चालू मजकुरात ती तीन चिन्हे सहज आली तरी अशी शांतता सहसा येत नाही. हेदरिंग्टन यांना १९८५ मध्ये याचे पेटंट मिळाले. स्वामित्वधन चुकवण्यासाठी काही प्रतिस्पर्ध्यांनी विराम गाळून मॉडेमे काढली, आणि मजकुरात ती खूण व तिच्या मागून फोन तोडण्याची आज्ञा आली की अशी मॉडेमे मधेच फोन ठेवीत. हेझ कंपनी १९९९ मध्ये मोडीत निघाली, पण तिची ‘एटी’ची आज्ञाभाषा पुढे भ्रमणध्वनीच्या अंतर्भागांतही टिकून राहिली.

कमोडोरने १९८२ मध्ये शंभर डॉलरच्या आत आणलेल्या व्हिकमॉडेममुळे मॉडेम मुलांच्या हाती आले. त्यात स्वतः नंबर फिरवण्याची सोय नव्हती. फोन लावायचा, पलीकडचा सूर आला की हँडसेटची वळ्यावळ्यांची तार काढायची आणि ती मॉडेममध्ये खुपसायची. घरातील दुसऱ्या खोलीत कोणी त्याच तारेवरचा फोन उचलला की पडद्यावर निरर्थक चिन्हांची रांग लागे, आणि दुसरा फोन येत असल्याची सूचना देणारा बीप वाजला की तासाभराची फाइल वाया जाई. १९८३ च्या ‘वॉरगेम्स’ या चित्रपटाने रबरी वाट्यांचा जोडक जगभरच्या प्रेक्षकांना परिचित केला, तोही अशा वेळी की प्रत्यक्ष वापरातून तो बाहेर पडू लागला होता.

भारतात तारेवरील अधिकाराचा हा वाद वेगळ्या पायावर उभा होता, कारण येथे कंपनीच्या जागी सरकार होते. १८८५ च्या भारतीय तार अधिनियमाने तारयंत्रणेचा एकाधिकार केंद्र सरकारकडे दिला होता आणि टेलिफोनही त्याच छत्राखाली आला होता. शिवाय फोन मिळण्यासाठीच वर्षानुवर्षे थांबावे लागे. आरंभ त्यामुळे घरांतून न होता संस्थांतून झाला. जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र आणि पवईची भारतीय तंत्रज्ञान संस्था यांच्यात १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात साध्या टेलिफोनवरून संगणकीय टपाल जाऊ लागले, आणि शैक्षणिक संस्थांना जोडणाऱ्या अर्नेट या जाळ्याचा तो पहिला धागा ठरला. हौशी लोकांची सूचनाफलक-यंत्रेही मुंबईत व अन्यत्र सुरू झाली. अतुल चिटणीस यांचे बंगळूरचे ‘सीआयएक्स’ १९८९ पासून चाललेले त्यांपैकी नावाजलेले. तथापि १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात दूरसंचार विभागाने अशा सेवांवर वर्षाला लाखांच्या घरातील परवाना शुल्क लावण्याचे धोरण आखले. एका खोलीतून, एका तारेवर, बहुधा पदरमोड करून चालवल्या जाणाऱ्या यंत्राला ही रक्कम हास्यास्पद होती, आणि तिला संघटित विरोध झाला.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सामान्य नागरिकांसाठी इंटरनेट खुले केले. मुंबई, दिल्ली, कोलकाता व चेन्नई येथून ही सेवा सुरू झाली आणि लवकरच पुणे व बंगळूर त्यांत आले. वेग ९,६०० बिटांचा, तोही तारेने साथ दिली तर. त्या वेळी अमेरिकेत २८,८०० बिटांची मॉडेमे विकली जात होती. केवळ अक्षरे दाखवणारे शेल खाते वर्षाला ५,००० रुपयांत मिळे, चित्रे दाखवणाऱ्या जोडणीला १५,००० रुपये पडत, आणि टेलिफोनच्या कॉलचे पैसे वेगळे. आरंभी निगमाकडील तारा व मॉडेमे इतकी अपुरी पडली की ग्राहकाला अनेकदा व्यग्रतेचा सूरच ऐकू येई, आणि निगमाचे अध्यक्ष बी. के. सिंघल यांनी उणिवा जाहीरपणे मान्य केल्या. नागपूर किंवा कोल्हापूरच्या ग्राहकाला तर मुंबई-पुण्याला एसटीडी लावावी लागे, आणि रात्री उशिराच्या सवलतीच्या दराची वाट पाहत तो जागा राही, जसे दहा वर्षांपूर्वी फिडोनेटची यंत्रे जागत. नोव्हेंबर १९९८ मध्ये खाजगी सेवादारांना परवानगी मिळाली, तेव्हा पहिल्या पाच वर्षांसाठी परवाना शुल्क माफ करण्यात आले व त्यानंतर वर्षाला एक रुपया ठरवला गेला.

त्याच वर्षी व्ही.९० हे ५६ हजार बिटांचे प्रमाण आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने मान्य केले. सेवादाराच्या बाजूची तार पूर्णपणे अंकीय असेल आणि ध्वनीत रूपांतर फक्त घराकडच्या शेवटच्या टप्प्यातच होत असेल, तर एवढा वेग मिळू शकतो, या गृहीतावर ते आधारलेले होते. आणि तोही उतरत्या दिशेने, म्हणजे सेवादाराकडून घराकडे येणाऱ्या मजकुरालाच. पण अमेरिकेत खोक्यावर ५६ छापलेले मॉडेम सुमारे ५३ हजारांपलीकडे गेले नाही. पूर्ण ५६ हजारांचा वेग मिळवायचा तर तारेवर जितक्या शक्तीचा संकेत सोडावा लागला असता तितक्या शक्तीने शेजारच्या तारांत आवाज झिरपला असता, म्हणून संकेताच्या शक्तीवर मर्यादा होती. आणि ती मर्यादा होती भाग ६८ मध्ये.